पूर ओसरला तरी भिंत ओलीच

२५ जुलै २०२४ रोजी पुण्यात खडकवासला धरणातून मुठा नदीत सुमारे ३५ हजार क्युसेकचा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्याखाली गेली. त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. म्हणून पाणी ओसरल्यावरही वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये.

घरात शिरलेलं पाणी एकट्या नदीचं नसतं. नदीची पातळी चेंबरच्या वर चढली की ड्रेनेज उलटं वाहू लागतं आणि मैला तळमजल्यावरच्या नहाणीतून, कमोडमधून वर येतो. त्यात कावीळ आणि जुलाबाचे जंतू असतात. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. गमबूट आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय गाळाला हात लावू नये.

अनेक घरांत गाळावरच ब्लीचिंग पावडर टाकली जाते. पण तिच्यातला क्लोरीन घाणीशीच अभिक्रिया करून संपतो, जंतू मात्र शिल्लक राहतात. म्हणून गाळ ओला असतानाच खरवडून काढावा, फरशी साबणाने घासावी आणि मगच लिटरभर पाण्यात साधारण १५ ग्रॅम ताजी पावडर कालवून ते पाणी दहा मिनिटं फरशीवर राहू द्यावं. संडास धुण्याचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

खरी चिवट गोष्ट म्हणजे भिंत. विटा आणि गिलाव्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने वर चढतं, त्यामुळे पुराची रेघ गुडघ्याला असली तरी ओल त्याच्याही वर जाते. पाणी उडून गेलं की क्षार मागे राहतात, तोच पांढरा लोणा. ओल्या प्लायवूडवर, गादीवर एक-दोन दिवसांत बुरशी धरते. मैल्यात भिजलेल्या गाद्या आणि फुगलेलं प्लायवूड टाकून द्यायला जीव होत नाही, पण दम्याच्या रुग्णाला बुरशीचा त्रास फार होतो.

समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखे लावावेत. रंगाची घाई मात्र नको, आत कोंडलेली ओल रंगाला फोड आणते. भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावं. सकाळी आतून थेंब दिसले, तर भिंत अजून वाळायची आहे.

१९६१ची पानशेत धरणफुटी, २०१९चा आंबिल ओढ्याचा पूर, २०२४ची एकतानगरी: पुण्याला पूर नवा नाही. नदीकाठच्या इमारतींच्या ड्रेनेजला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायला हवेत आणि मदतीच्या किटमध्ये धान्याबरोबर हातमोजे, ब्लीचिंग पावडर आणि ती वापरण्याची माहितीही द्यायला हवी.