खानदेशी कवितेतील अलंकार

खानदेशी कवितेतील अलंकार या लेखात जळगाव व धुळे परिसराशी संबंधित कवितेच्या आधारे मराठीतील काही प्रमुख अलंकारांची ओळख करून दिली आहे. उदाहरणे मुख्यतः बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आणि बालकवी ऊर्फ त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०–१९१८) यांच्या काव्यातील आहेत. बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळील असोदे येथे, तर बालकवींचा धरणगाव येथे झाला.

भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक हे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढील शास्त्रकारांनी ही संख्या शंभराच्या घरात नेली. अलंकार म्हणजे दागिना, या व्युत्पत्तीमुळे तो कवितेवर बाहेरून चढवलेला असतो अशी समजूत विद्यार्थ्यांत रूढ आहे. बहिणाबाईंच्या कवितेला ती लागू पडत नाही. त्या निरक्षर होत्या. शेतात आणि घरात काम करताना त्यांनी रचलेली गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव चौधरी आणि एक आप्त यांनी टिपून ठेवली व ती १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली.

उपमा

उपमेचे चार घटक मानले जातात : ज्याचे वर्णन करायचे ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान, दोहोंत समान असलेला साधारण धर्म आणि 'जसा', 'सारखा', 'परी' यांसारखा साधर्म्यवाचक शब्द. बहिणाबाईंनी संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा दिली आहे. येथे साधारण धर्म केवळ 'ताप' हा नाही. हाताला चटके बसतात ते आधी आणि भाकरी मिळते ती नंतर. हा क्रम हेच साम्य आहे. हातावर थापलेली भाकरी तव्यावर टाकताना ज्याने पाहिलेली नाही, त्याला अलंकाराचे नाव सांगता येईल, पण अर्थ अर्धाच कळेल. उपमान व्यवहारातून गेले की उपमा कोडे बनते. खानदेशी कविता शिकवताना ही अडचण आता वारंवार येते, आणि केवळ शब्दार्थांची यादी देऊन ती सुटत नाही.

त्याच कवितेत संसाराला खोटा म्हणू नये असे सांगताना देवळाच्या कळसाला लोटा म्हणू नये, असा दाखला येतो. एक गोष्ट पटवण्यासाठी तशीच दुसरी गोष्ट पुढे ठेवणे म्हणजे दृष्टान्त. संसाराला मिथ्या मानणाऱ्या विचाराला दिलेले हे उत्तर आहे, हे लक्षात घेतले तर त्याचे बळ कळते.

व्यतिरेक आणि श्लेष

मनावरील कवितेत एकाच उपमेयासाठी अनेक उपमाने येतात. ही रचना मालोपमेच्या जवळ जाणारी आहे. मन उभ्या पिकात शिरणारे ओढाळ ढोर आहे. कितीही हाकलले तरी ते परत येते. ते खसखशीच्या दाण्याएवढे आहे आणि आभाळातही मावत नाही, हा विरोधाभास. पुढे मन विषारी ठरते आणि साप-विंचू त्यापेक्षा बरे म्हटले जातात, कारण त्यांच्यावर उतारा आहे. उपमेय उपमानाच्याही वरचढ ठरले की व्यतिरेक होतो. पाठ्यपुस्तकांत हा अलंकार बहुधा गोडी किंवा सौंदर्य यांच्या उदाहरणांनी समजावला जातो; येथे मन विषात वरचढ आहे.

एकाच शब्दाचे दोन अर्थ साधणे म्हणजे श्लेष. ज्यातून पीठ येते त्याला 'जाते' कसे म्हणावे, असा प्रश्न बहिणाबाई करतात. गंमत अशी की, खानदेशात जात्याला 'घरोट' म्हणतात आणि त्या शब्दात हा श्लेष नाही. कवयित्रीच्या कानावर दोन्ही शब्द होते. त्यांच्या भाषेला सरसकट अहिराणी म्हटले जाते. धुळे, नंदुरबार व लगतच्या भागांतील अहिराणीशी तिचे नाते आहे. तथापि ती लेवा गणबोली म्हणून वेगळी ओळखली जाते.

चेतनगुणोक्ती

निर्जीव वस्तू किंवा मानवेतर सृष्टी माणसासारखी वागते असे वर्णन असल्यास चेतनगुणोक्ती होते. बालकवींच्या 'फुलराणी'त कळी वधू होते, सूर्यकिरण वर होतो आणि अख्खी पहाट लग्नघर बनते. 'औदुंबर' या आठ ओळींच्या कवितेत झाड पाण्यात पाय सोडून बसलेले आहे. ते कोणासारखे आहे, हे मात्र कवी सांगत नाही; 'जसा' हा शब्दही येत नाही. म्हणून येथे चेतनगुणोक्ती एवढे नाव देऊन थांबता येत नाही. समीक्षक तिला प्रतिमा किंवा प्रतीक मानतात आणि तिच्या अर्थाविषयी मतभेद आहेत.

बहिणाबाईंच्या सुगरणीच्या खोप्यावरील कवितेला कधी कधी अन्योक्ती म्हटले जाते. अन्योक्तीत एकाला उद्देशून बोलायचे आणि लागावे दुसऱ्याला, अशी योजना असते. या कवितेत पक्षिणीच्या इवल्या चोचीचे कौतुक करून झाल्यावर माणसाला थेट त्याच्या दोन हातांची आणि दहा बोटांची आठवण करून दिली आहे. बोलणे असे समोरासमोर झाल्यामुळे तिला शुद्ध अन्योक्ती म्हणणे कठीण आहे.