छोट्या संस्थांनीही सायबर सुरक्षेकडे लक्ष द्यायलाच हवे

“आमच्या छोट्या संस्थेवर कोण सायबर हल्ला करणार?” असे अनेक कार्यकर्ते विचारतात. पण चोर संस्थेचा आकार पाहत नाही, कच्चे कुलूप शोधतो.

रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचेच उदाहरण घ्या. युद्ध, स्थलांतर किंवा आपत्तीत ताटातूट झालेल्या कुटुंबांना पुन्हा जोडण्याचे काम ती करते. ९ नोव्हेंबर २०२१ रोजी हल्लेखोर तिच्या सर्व्हरमध्ये शिरले. हे लक्षात आले १८ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे ७० दिवसांनी. ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीपर्यंत ते पोहोचले होते. त्यात बेपत्ता आणि कैदेतील माणसेही होती. एका सॉफ्टवेअरमधील त्रुटीतून त्यांना वाट मिळाली. तिची दुरुस्ती उपलब्ध होती, पण ती वेळेत बसवली नव्हती, हे संस्थेने स्वतःच जाहीर केले.

आपल्या संस्थांकडे काय असते? विद्यार्थ्यांची जात प्रमाणपत्रे, आधारच्या प्रती, दानदात्यांचे नंबर, अत्याचार प्रकरणांतील पीडितांचे आणि साक्षीदारांचे पत्ते. गेलेला निधी पुन्हा उभा करता येईल. साक्षीदाराचा पत्ता एकदा बाहेर गेला की परत घेता येत नाही.

यासाठी फार खर्च लागत नाही, शिस्त लागते.

१. संस्थेच्या ईमेल, फेसबुक आणि व्हॉट्सअॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. एकच पासवर्ड सगळीकडे वापरू नका. ओटीपी कोणालाही सांगू नका.

२. मोबाईल आणि संगणकाचे अपडेट पुढे ढकलू नका.

३. काम सोडून गेलेल्या कार्यकर्त्याचे अॅडमिन अधिकार त्याच दिवशी काढा. हा अविश्वास नव्हे, नियम आहे.

४. महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत इंटरनेटला न जोडलेल्या हार्ड डिस्कवर ठेवा.

५. “बँक खाते बदलले आहे” असा मेसेज आला, तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. मगच पैसे पाठवा.

६. गरज संपलेली कागदपत्रे नष्ट करा. जे आपल्याकडे नाही, ते चोरीला जात नाही.

आर्थिक फसवणूक झालीच, तर लाजेपोटी गप्प बसू नका. लगेच बँकेला कळवा आणि १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

तरुण कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. पुढच्या बैठकीत हिशेबासोबत एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या याद्या आज कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये आहेत? लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवून ही माहिती दिली आहे. ती जपणे हेही चळवळीचेच काम आहे.