बाउंडरी वॉटर्समध्ये होडीची सफर : परवान्यापासून परतीपर्यंत

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेलगत बाउंडरी वॉटर्स हे राखीव अरण्य आहे. सेंट लुईस, लेक आणि कुक या तीन काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, ते पसरले आहे. त्यात हजाराहून जास्त तळी आहेत आणि बहुतेक तळ्यांवर मोटरबोटीला बंदी आहे. इथे फिरायचे ते कनूमधून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, हलक्या होडीतून.

परवाना. 1 मे ते 30 सप्टेंबर या काळात मुक्कामी जायचे, तर प्रत्येक प्रवेशद्वारावर रोज ठरावीक गटांनाच सोडतात. परवान्यावरचे ठिकाण आणि तारीख बदलून आत जाता येत नाही. एका गटात जास्तीत जास्त 9 माणसे आणि 4 होड्या चालतात.

मार्ग. पहिल्यांदा जाणाऱ्यांचा हिशेब चुकतो तो इथे. दोन तळ्यांमध्ये पायवाट असते, तिला पोर्टेज म्हणतात. तिच्यावरून होडी आणि सामान खांद्यावर न्यावे लागते. नकाशावर तिची लांबी रॉडमध्ये लिहिलेली असते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढी लांबी. 100 रॉडची वाट सुमारे 500 मीटर भरते. पण सामान दोन खेपांत नेले, तर तीच वाट तीनदा तुडवावी लागते आणि चाल दीड किलोमीटर होते. म्हणून दिवसाचा पल्ला ठरवताना पाण्याइतकाच या वाटांचाही हिशेब मांडावा.

सामान. खाद्यपदार्थांचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत. शिधा आधीच पिशव्यांत बांधून घ्यावा, म्हणजे ओझेही हलके होते. लाइफ जॅकेट मात्र प्रत्येकासाठी हवेच, आणि ते अंगावर हवे.

पाण्यावर. दुपारी वारा वाढला की मोठ्या तळ्यात लाटा उठतात. सकाळी लवकर निघावे आणि काठ धरून जावे. मधून सरळ गेल्यास अंतर वाचते, पण होडी उलटली तर गार पाण्यात काठ फार लांब पडतो.

मुक्काम. जिथे लोखंडी जाळीची चूल आणि शौचकूप आहे, अशा नेमलेल्या जागीच तंबू ठोकायचा. या जागा आधी राखून ठेवता येत नाहीत. जो आधी पोचेल त्याची जागा. संध्याकाळपर्यंत वल्हवत राहिलो, तर पुढची प्रत्येक जागा भरलेली सापडू शकते. दुपारीच थांबणे बरे.

अस्वल. अन्नाला लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा माणसांकडे येते. रात्री अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवावे, नाहीतर जमिनीपासून 12 फूट उंच आणि खोडापासून 6 फूट दूर टांगावे. भांडी तळ्यापासून निदान 150 फुटांवर धुवावीत.

परतताना. होडीतले पाणी उपसून टाका, चिकटलेले शेवाळ-वेली काढा आणि होडी वाळवा. एका तळ्यातले उपद्रवी जीव दुसऱ्या तळ्यात जातात ते याच वाटेने. ही पाच मिनिटे आपण दिली, तर पुढच्या तळ्याचे पाणी राखले जाते.