बंडखोरीविरोधी मोहिमांसाठी ‘प्रचंड’ का?

झाशी : पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १९ नोव्हेंबर २०२१ रोजी झाशी येथे स्वदेशी हलके लढाऊ हेलिकॉप्टर हवाई दलाकडे सुपूर्द केले. पुढे ‘प्रचंड’ असे नामकरण झालेल्या या हेलिकॉप्टरच्या नियोजित कामांत बंडखोरीविरोधी मोहिमांचाही समावेश आहे.

अशा मोहिमांत लक्ष्य लहान असते आणि नागरी वस्ती जवळ असते. वेगवान लढाऊ विमानाच्या वैमानिकाला लक्ष्य ओळखण्यास काही सेकंदच मिळतात. मार्च १९६६ मध्ये ऐजॉलवर विमानांतून झालेल्या हल्ल्यांची झळ नागरिकांनाही बसली होती. हेलिकॉप्टर घिरट्या घालून खातरजमा करू शकते. परंतु संथ गतीमुळे ते जमिनीवरील माऱ्याच्या टप्प्यात येते. कारगिल युद्धात २८ मे १९९९ रोजी एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि चौघांना वीरमरण आले. उंच शिखरांवर लढू शकणाऱ्या हेलिकॉप्टरची उणीव याच युद्धात जाणवली.

हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या ५.८ टनी ‘प्रचंड’वर २० मिलिमीटर तोफ असून, ती वैमानिकाच्या शिरस्त्राणावरील दर्शकाच्या साहाय्याने रोखता येते. मार्च २०२५ मध्ये अशा १५६ हेलिकॉप्टरांचा करार झाला. त्यांपैकी ६६ हवाई दलाला, तर ९० लष्कराला मिळणार आहेत.