पाबळमध्ये आधी हात चालतात

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ हे अवर्षणप्रवण गाव. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग इथे आले आणि १९८३मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला.

आश्रमाने घडवलेल्या शालेय अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. वेल्डिंग, वीजजोडणी, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, सगळं त्यात आलं. स्टूल करायचं तर लोखंडी अँगल मापात कापायचा, गुण्याने काटकोन तपासायचा, सांधे जोडायचे आणि शेवटी माल, वीज, मजुरी धरून किंमत काढायची. भूमिती अशी शिकली की सहसा विसरत नाही! अमेरिकेतल्या एमआयटीच्या फॅब लॅबचं, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याच्या कार्यशाळेचं, त्या देशाबाहेरचं सुरुवातीचं केंद्रही पाबळलाच आलं.

हाताने करून शिकण्यासाठी आता सरकारी योजनाही आहे. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी प्रयोगशाळा उभारायला शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत अशा ५०,००० प्रयोगशाळा जाहीर झाल्या.

अशा प्रयोगशाळेतला थ्रीडी प्रिंटर विकत मिळतो. तो मुलांच्या हाती निर्धास्त देणारा निदेशक घडवावा लागतो. या योजनेतला पहिला खर्च त्याच्या प्रशिक्षणावर व्हायला हवा.