देवघेवीचा पाऊस

सिॲटल शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, पाचव्या मजल्यावर, चौकशीच्या टेबलामागे सहा पडदे एका ओळीत लावलेले आहेत. त्यांवर बातम्या नसतात, सूचनाही नसतात. शहरातल्या वाचकांनी थोड्या वेळापूर्वी काय काय घरी नेलं, ते तिथे दिसत राहतं. आपल्या ग्रंथालयांत ज्या खिडकीवर ‘देवघेव’ अशी पाटी असते, त्या खिडकीचं हे चालतं चित्र.

पुस्तकसंग्रहांची माहिती खेळकरपणे दाखवणाऱ्या साधनांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं होतं. तशी साधनं बरीच आहेत. २००५ साली सुरू झालेल्या ‘लायब्ररीथिंग’ या संकेतस्थळावर आपल्या पुस्तकांची यादी भरली, की ती सगळी एकावर एक रचल्यास किती उंच होतील आणि कोणत्या प्रसिद्ध वास्तूच्या जवळ पोचतील, हेही ते सांगतं. हार्वर्डमधल्या मंडळींनी ‘स्टॅकलाइफ’ केलं. त्यात पडद्यावर पुस्तकांची चळत दिसायची. पानं जास्त असलेलं पुस्तक जाड आणि जास्त वापरलेलं पुस्तक गडद निळं. दोन्हींत मन रमलं. पण मला खिळवून ठेवलं ते सिॲटलच्या पडद्यांनी.

ग्रंथालयाची ही इमारत वास्तुविशारद रेम कूलहास यांच्या संस्थेची, २००४ साली खुली झालेली. तिथली कथेतर पुस्तकं चार मजले चढत जाणाऱ्या एकाच सलग उतारावर मांडली आहेत, पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणाच्या ००० पासून ९९९ पर्यंत. पडद्यांचं काम जॉर्ज लेग्रेडी या कलावंताचं. बुडापेस्टमध्ये जन्मलेले लेग्रेडी सांता बार्बराच्या विद्यापीठात शिकवत आले आहेत. ‘अदृश्याला दृश्य करताना’ अशा अर्थाचं नाव त्यांनी या कामाला दिलं आणि २००५ साली ते सुरू झालं.

पडद्यांवर आळीपाळीने चार दृश्यं येतात. एकात नुसते आकडे: आज किती पुस्तकं गेली, किती डीव्हीडी गेल्या. दुसऱ्यात शीर्षकं नेल्याच्या क्रमाने तरंगत सरकतात. तिसऱ्यात शीर्षकांमधले शब्द पसरतात आणि रेषांनी एकमेकांना जोडले जातात. चौथं मात्र पावसाचं आहे, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा जीव त्यातच आहे. ड्यूईचे हजार वर्ग आकड्यांच्या जाळीसारखे पडद्यांवर मांडलेले असतात. कोणी स्वयंपाकाचं पुस्तक नेलं, की ६४१ उजळतो. कोणी प्रवासाचं नेलं, की ९१० च्या आसपास प्रकाश पडतो. ज्यांना ड्यूई क्रमांकच नाही, त्या वस्तूंची शीर्षकं वरून रंगीत सरींसारखी खाली कोसळतात. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं सहसा कादंबऱ्यांना हा क्रमांक देत नाहीत, चित्रपटांचंही बहुधा तसंच. त्यामुळे करमणुकीची सर आणि ज्ञानाचे दिवे एकाच वेळी दिसतात. कोण काय वाचतो ते कळत नाही. शहर काय वाचतंय ते कळतं.

यामागची गोष्ट मला पावसापेक्षाही मोलाची वाटते. पुस्तक परत आलं, की ते कोणी नेलं होतं याची नोंद ग्रंथालय ठेवत नाही. वाचकाचं खाजगीपण जपायचं हे त्यांचं धोरण. लेग्रेडींच्या यंत्रणेकडे वाचकाचं नाव कधी जातच नव्हतं. जायचं ते शीर्षक, प्रकार, वर्गांक आणि वेळ. चित्रासाठी लागायची म्हणून ही माहिती वर्षानुवर्षं साठत गेली. पुढे कोणतं शीर्षक कोणत्या महिन्यात किती वेळा नेलं गेलं, याची आकडेवारी ग्रंथालयाने सर्वांसाठी खुली केली, तेव्हा २००५ ते २०१६ या काळातल्या छापील पुस्तकांच्या आणि इतर वस्तूंच्या नोंदी या कलाकृतीच्या साठ्यातूनच घ्याव्या लागल्या. भिंतीवरच्या चित्राने एका शहराच्या वाचनाची स्मृती सांभाळली. खेळकर म्हणून ज्याकडे सहज दुर्लक्ष झालं असतं, त्याचा हा उपयोग.

आता काळजीची गोष्ट. चित्र कितीही देखणं असलं, तरी ते यादीच्या पलीकडे जाऊ शकत नाही. ड्यूईमध्ये अमेरिकी साहित्याला ८१० पासून आणि इंग्रजीला ८२० पासून दहा-दहा वर्गांक दिलेले आहेत. मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. हजार घरांच्या जाळीत दशांश चिन्हानंतरचं काही दिसत नाही. म्हणून कालिदास, हाफिज, टागोर, मर्ढेकर आणि टॉलस्टॉय, ड्यूईच्या हिशेबाने, सगळे ८९१ या एकाच घरात. त्या घराचा दिवा लागला तर यांतलं कोण वाचलं गेलं, ते पडदा सांगू शकत नाही. धर्मांचंही तसंच आहे: २०० ते २९९ मधला मोठा भाग ख्रिस्ती धर्माला, आणि उरलेल्या जगाला मुख्यतः २९०.

आपल्याकडची अडचण याच्याही आधी सुरू होते. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली हजारो ग्रंथालयं आहेत. कितीतरी ठिकाणी पुस्तकाची सगळी माहिती दाखल नोंदवहीतल्या एका ओळीत असते. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नाही, काहींवर प्रकाशनवर्षही छापलेलं नाही. एकच लेखक कुठे ‘पु. ल. देशपांडे’, कुठे ‘देशपांडे, पु. ल.’, कुठे नुसता ‘पु.ल.’ म्हणून नोंदला जातो, आणि संगणक त्यांना तीन माणसं समजतो. अशा यादीवरून काढलेलं चित्र चुकीचंच येणार.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते मलपृष्ठाच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीचं. जांभळ्या शाईचे तारखांचे शिक्के, एकाखाली एक. एखाद्या पुस्तकावर वर्षात बारा, मग पाच वर्षं एकही नाही, मग अचानक पुन्हा सलग चार. ही आपली देवघेवीची आकडेवारी, आणि ती हाताने तयार झालेली आहे. पुस्तक नव्याने बांधायला गेलं, की ती चिठ्ठी फाडून टाकली जाते. देवघेवीच्या जुन्या वह्या जागा अडते म्हणून रद्दीत जातात.

म्हणून गावोगावच्या ग्रंथपालांना आणि कार्यकारी मंडळांना एक विनंती. संगणकावर यादी चढवण्याचं काम काढाल, तेव्हा लेखकाचं नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा, पानं आणि वर्ष भरा. बांधणीला देण्याआधी तारखांच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. सभासदाचं नाव नका ठेवू. तारीख आणि दाखल क्रमांक तेवढे ठेवा. चित्र काढणारे पुढे मिळतील. या नोंदी मात्र आत्ताच वाचवाव्या लागतील.