काळी माती, मुरूम आणि शॉकअप

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याहून यावलच्या दिशेने निघालं, की काही पट्ट्यांत गाडी एका ठरावीक वेगाला डोलायला लागते. खड्डा दिसत नाही, डांबरही उखडलेलं नसतं, तरी गाडीचं नाक हळूच वर जातं, खाली येतं, पुन्हा वर जातं. मागच्या सीटवर कोणाला डुलकी लागते, कोणाला मळमळतं. दोष रस्त्याच्या पोटात असतो. ही काळी कसदार जमीन पाणी प्यायली की फुगते, चैत्र-वैशाखात वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावर अंथरलेला रस्ताही तिच्याबरोबर वर्षानुवर्षं वरखाली होत राहतो. कापसाला आणि केळीला जी माती वरदान ठरते, ती डांबराला मुळीच मानवत नाही.

डोलण्यामागे साधा हिशोब आहे. समजा दोन उंचवट्यांमध्ये 15 मीटर अंतर आहे आणि गाडी ताशी 72 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 20 मीटर, चालली आहे. मग चाकांना दर सेकंदाला साधारण 1.3 वेळा खालून धक्का बसतो. घरगुती मोटारीचा स्प्रिंगवर वरखाली होण्याचा स्वतःचा ठेकाही सेकंदाला 1 ते 1.5 वेळा एवढाच असतो. दोन ठेके जुळले की आखाजीच्या झोक्यासारखं होतं. नेमक्या क्षणी हात लावत राहिलं, की थोड्या जोरातही झोका उंच चढतो. हा चढता झोका थोपवायचं काम गाडीत एकच वस्तू करते, शॉकअप. तो थकला असेल तर हा रस्ता ते दहा मिनिटांत सांगून टाकतो.

अंकलेश्वर ते बऱ्हाणपूर हा मार्ग शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा आणि रावेर अशी गावं जोडत सातपुड्याच्या पायथ्याने जातो. केळीने लादलेले ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, गावागणिक गतिरोधक, आणि उन्हाळ्यात पंचेचाळिशीला टेकणारा पारा. रोज या रस्त्यावर धावणारी गाडी रविवारी शर्यतीत उतरवायची असेल, तर तिचं सस्पेन्शन निवडणं मुंबई-पुण्याच्या हौशी चालकापेक्षा वेगळा विचार मागतं. या लेखाचा विषय तो विचार आहे.

शर्यत म्हणजे इथे फॉर्म्युला वन नव्हे. सर्वसामान्य माणसाला स्वतःची गाडी घेऊन उतरता येईल असे दोन प्रकार आहेत. पहिला टीएसडी, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांचं गणित सांभाळत चालवायची रॅली. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही 1919 साली स्थापन झालेली संस्था महिलांसाठी मुंबईहून अॅम्बी व्हॅलीपर्यंत ‘रॅली टू द व्हॅली’ भरवत आली, ती याच प्रकारातली. तिथे घाई करणाऱ्यालाही गुण गमवावे लागतात, त्यामुळे गाडीत काही बदलायची गरज पडत नाही. दुसरा प्रकार ऑटोक्रॉस. मोकळ्या माळावर झेंडे किंवा शंकू लावून वळणावळणाची वाट आखायची आणि घड्याळाशी स्पर्धा करायची. अमेरिकेत ऑटोक्रॉस म्हटलं की वाहनतळाचं गुळगुळीत डांबर डोळ्यांपुढे येतं, आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा माती आणि मुरूम. सस्पेन्शनची निवड या एका फरकाने उलटीपालटी होते, आणि परदेशी सल्ले वाचून खरेदी करणारे नेमके इथेच फसतात.

या खेळाचं महाराष्ट्रातलं एक ठळक ठिकाण म्हणजे नाशिक. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिकेतली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिकच्या परिसरातल्या कच्च्या रस्त्यांवर रंगलेली आहे. या मालिकेत गौरव गिल यांनी चाकणला बनलेली महिंद्राची एक्सयूव्ही 500 पळवली. 2019 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटारक्रीडेतल्या खेळाडूला मिळालेला हा पहिलाच. चाकणलाच तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलोनेही या मालिकेत अनेक हंगाम गाजवले. अर्थात त्या गाड्या ट्रकवर लादून येतात आणि ट्रकवरच परत जातात. चोपड्याहून निघालेल्या हौशी चालकाला अमळनेर, धुळे, मालेगाव करत दोनशेहून अधिक किलोमीटर तीच गाडी चालवत न्यायची असते, दिवसभर पळवायची असते आणि रात्री तिच्यातूनच घरी परतायचं असतं. सोमवारी सकाळी तीच गाडी जळगावला कोर्टाच्या किंवा दवाखान्याच्या कामाला लागते.

गाडी कोणती असते? बहुधा स्विफ्ट किंवा पोलोच्या घराण्यातली. दोन्हींची ठेवण सारखी आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे दोन्ही चाकांना जोडणारा पिळदार आडवा बीम. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवले आणि 1950 च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांतून ही रचना रस्त्यावर आली. स्वस्त, सुटसुटीत आणि जागा वाचवणारी असल्याने आज आपल्या बहुतेक छोट्या मोटारींत तीच सापडते. 1985 साली आलेल्या मारुती जिप्सीची गोष्ट निराळी. तिला पुढेमागे दोन्हीकडे पाटे आणि सलग धुरा. रिकामी जिप्सी हाडं खिळखिळी करते, पण नांगरटीतूनही निघून जाते.

गॅरेजच्या भाषेत ‘शॉकअप टाका’ म्हटलं की सगळं आलं. मुळात स्प्रिंग आणि शॉकअप यांची कामं वेगळी आहेत. स्प्रिंग वजन पेलते आणि शॉकअप तिला गप्प बसवतो. शॉकअपच्या नळीत तेल असतं, तेलात बारीक झडपांचा दट्ट्या सरकतो, चाकाच्या हालचालीचा जोर तेलाच्या घर्षणात खर्ची पडतो आणि त्याची उष्णता होते. म्हणूनच लांबलचक कच्च्या रस्त्यानंतर शॉकअपला हात लावला तर चटका बसतो. फार तापलं की तेल पातळ होतं, त्यात फेस धरतो आणि शॉकअप ढिला पडतो. यावर उपाय म्हणून दाबाखालच्या वायूची एकनळी रचना पुढे आली. बिलस्टाइन या जर्मन कंपनीने 1957 मध्ये ती मर्सिडीजच्या गाड्यांना पुरवली. आपल्याकडे 1961 साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाने शॉकअप इतके घरोघरी नेले, की तिच्या चाकण आणि नाशिकच्या कारखान्यांतला माल तालुक्याच्या दुकानातही सहज मिळतो. चोपड्यात राहणाऱ्यासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. शनिवारी रात्री गळायला लागलेला शॉकअप परदेशी असेल, तर पुढचा महिना गाडी दारात उभी राहते.

आता चुकीकडे वळू, कारण ती सर्वांत जास्त दिसते आणि सर्वांत महाग पडते. शर्यतीची गाडी म्हणजे खाली बसलेली गाडी, हे चित्र टीव्हीने मनावर ठसवलं आहे. मग कोणी कडक, आखूड स्प्रिंगा मागवतो, तर कोणी कटरने मूळ स्प्रिंगचा दीड वेढा कापून टाकतो. कापलेली स्प्रिंग आधीपेक्षा कडक होते, तिचं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक हवेत लोंबलं की ती जागची हलू शकते. त्यात तीन बोटं खाली आलेली गाडी धक्का पचवायची जागाच गमावून बसते. शॉकअपच्या दांड्यावर शेवटी एक मऊ फेसाचं बम्प रबर असतं. ते खरं तर शेवटचा आधार, पण खाली बसवलेली गाडी कायम त्याच्यावरच टेकून चालते. अडावदच्या एखाद्या गतिरोधकावर हा दणका थेट कण्यापर्यंत पोचतो.

एवढं करून वळणावर फायदा होतो का? इथे पदार्थविज्ञान मध्ये येतं. समजा चालकासह गाडी 900 किलोची आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि दोन चाकांतलं अंतर 1.45 मीटर. गुरुत्वाच्या सात दशांश जोराने वळण घेतलं, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर साधारण 217 किलो वजन सरकतं. या हिशोबात स्प्रिंग कुठेच नाही. स्प्रिंग कडक केली की गाडी कमी कलते, पण सरकायचं ते वजन जवळजवळ तेवढंच सरकतं. ते पुढे किती आणि मागे किती वाटून घ्यायचं, एवढं फक्त स्प्रिंगा आणि कलणं रोखणारे अँटीरोल बार ठरवतात. मॅकफर्सनच्या गाडीत तर आणखी एक पेच आहे. गाडी फार खाली घेतली की खालचा आर्म उलटा वर चढतो आणि ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. म्हणजे गाडी खाली आणूनही तिची कलण्याची ओढ वाढू शकते.

कच्च्या रस्त्यावर तर मऊपणाला आणि लांब खेळाला पर्याय नाही. याचा पुरावा हवा असेल तर केनियाकडे बघावं. तिथल्या सफारी रॅलीच्या वाटेत आपल्या कापसाच्या जमिनीसारखीच काळी माती लागते, इंग्रजीत तिला नावही कापसाचंच आहे. पाऊस पडला की तिने भल्याभल्या कारखान्यांच्या गाड्या गिळल्या. तरीही 1965 मध्ये केनियातले शीख चालक जोगिंदरसिंग यांनी आधी वापरलेली व्होल्वो पीव्ही 544 घेऊन ती जिंकली, आणि पुढे 1974 व 1976 मध्ये मित्सुबिशी लान्सरने. 1975 आणि 1978 मध्ये जिंकलेली प्यूजो 504 ही तर मुळात घरगुती गाडी, लांब खेळाच्या मऊ स्प्रिंगांची. फ्रान्समध्ये 1948 साली लोकांसमोर आलेल्या सित्रोएनच्या टूसीव्हीची कल्पना मांडतानाच अट अशी होती, की टोपलीभर अंडी ठेवून नांगरलेल्या शेतातून गेलं तरी एकही फुटू नये. शेतकऱ्यासाठी गाडी बनवणाऱ्यांनी हे ओळखलं होतं, की चाक जमिनीला चिकटून राहिलं तरच पकड मिळते, आणि चिकटून राहायला त्याला वरखाली जायला मोकळीक लागते.

तेव्हा चोपड्यातल्या गाडीसाठी खर्चाला सुरुवात कुठून करावी? आधी जुनं ते मूळपदावर आणावं. चाळीस-पन्नास हजार किलोमीटर या रस्त्यांवर धावलेल्या गाडीचे लोअर आर्मचे बुश फाटलेले असतात, लिंक रॉड खडखडतात, स्ट्रटच्या डोक्यावरचं माउंटिंग बसलेलं असतं. बुश ढिला असताना भारीतला शॉकअप टाकणं म्हणजे मोडक्या बिजागरीवर नवा दरवाजा टांगणं. फिटर कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दाबतो आणि सोडतो. एकदा वर येऊन ती थांबली तर ठीक, पुन्हा डुलली तर शॉकअप गेला. या चाचणीत पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो, अर्धमेला निसटतो. त्यासाठी दांड्याजवळ तेलावर धूळ बसून झालेला काळपट ओला थर शोधावा आणि टायरवर जागोजागी पडलेले घास बोटांनी चाचपावेत.

मग टायर. रस्त्याला गाठणारी पहिली स्प्रिंग तीच. दिसायला देखणी म्हणून मोठी चाकं आणि चपटे टायर बसवले, की खड्ड्यात रिम वाकतो आणि चाकाचं वजन वाढल्याने शॉकअपचं कामही वाढतं. मूळ मापाचे चांगले टायर, हवेचा नेमका दाब आणि चालकाला सीटवर बसवून केलेलं अलाइनमेंट, एवढ्यानेही ऑटोक्रॉसच्या घड्याळात फरक दिसतो.

पैसे मोजायचे ते त्यानंतर, आणि ते शॉकअपवर. मूळ उंचीच्या किंवा किंचितच कडक स्प्रिंगांना जुळणारे, थोडे जास्त रोखून धरणारे वायूचे शॉकअप ही या दुहेरी आयुष्याची सर्वांत समंजस जोडी. बाहेरून फिरवून कमीजास्त करता येणारे असतील तर उत्तम, पण सुरुवात सर्वांत मऊ खुणेवरून करावी, एका वेळी एकच बदल करावा आणि वेळ वहीत लिहावी. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी वळणावर सरळ पळायला बघत असेल, तर मागे थोडा जाड अँटीरोल बार कामाला येतो. मात्र ओल्या रस्त्यावर घरच्या कोणी अचानक ब्रेक दाबला तर मागचं अंग फिरू शकतं, हे ध्यानात ठेवून. उंची बदलता येणाऱ्या कॉइलओव्हरचा मोह इथे आवरावा. त्यांच्या आट्यांत मुरमाची धूळ बसते आणि एका पावसाळ्यात त्या जाम होतात.

कागदाकडेही बघायला हवं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. आरटीओत आधी विचारलेलं बरं. खासगी गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेल्या असतात, म्हणजे मैदानावर झालेलं नुकसान खिशातून. परत मूळ बसवायची वेळ येऊ शकते, म्हणून काढलेल्या मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप तेल पुसून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावेत.

निवड बरोबर जमली की नाही, हे कळायला एक अगदी स्वस्त साधन आहे. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावरचं धूळरबर वर सरकवायचं आणि खाली, नळीला टेकेल अशी, प्लास्टिकची बारीक केबल टाय आवळायची. गाडी चालली की नळी त्या पट्टीला वर ढकलत नेते आणि जिथवर शॉकअप दाबला गेला तिथेच ती थांबून राहते. रविवारी रात्री उशिरा नाशिकहून घरी आल्यावर जॅक लावून चाक काढावं, टॉर्च मारावा. पट्टी बम्प रबराला चिकटून चेपलेली असेल तर गाडी दिवसभर तळ गाठत होती. पट्टी आणि रबर यांच्यामध्ये एक बोट मावत असेल, तर चाक बसवून नट आवळावेत, जॅक काढावा आणि हात धुऊन जेवायला जावं.